मेरी एलन, जोशुआ आणि पाठीवरचा निळा डाग

लेक अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. आम्ही न्यू जर्सीत होतो, माझं ऑनसाईटचं तिसरं वर्ष. बायकोनं नुकतीच परत नोकरी धरली होती, त्यामुळे पोरीला पाळणाघरात घातलं होतं. एका संध्याकाळी तिला आणायला गेलो तर तिथल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. लंगोट बदलताना त्यांना पोरीच्या कमरेच्या वर एक निळसर-करडा डाग दिसला होता. "हे कशानं झालं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी गोड, पण हातात वही आणि पेन.

मी म्हटलं, जन्मापासून आहे. बाईंनी ते लिहून घेतलं, तारीख घातली, माझी सही घेतली. मग जरा अवघडून म्हणाल्या, "राग मानू नका, पण शंका आली आणि आम्ही कळवलं नाही तर कायद्यानं आमच्यावर येतं."

राग आला. चांगलाच आला. रात्री झोप लागली नाही. व्हिसा, पोलिस, कोर्ट, काय काय डोक्यात येऊन गेलं. सकाळी पुण्याला फोन केला तर आई हसायलाच लागली. "अरे, तुझ्या पाठीवर पण होता की तसाच! चार वर्षांचा झालास तोवर गेला." दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डाग पट्टीनं मोजला, फाईलमध्ये चित्र काढलं आणि एका कागदावर लिहून दिलं की ही जन्मखूण आहे, मार नव्हे. आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या बाळांत असे डाग सर्रास असतात आणि ते मारल्याच्या वळांसारखे दिसतात, हे त्यांना पाठ होतं. पाळणाघरातल्या बाईंना नव्हतं, इतकंच.

प्रकरण तिथंच मिटलं. पण माझ्या डोक्यात एक किडा सोडून गेलं. हा कायदा आला कुठून? आणि त्या बाईंनी कळवलंच असतं, तर पुढे कोर्टात माझ्या बाजूनं नेमकं काय असतं? मी वकील नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. तरी त्यानंतरचे किती तरी वीकांत मी जुने निकाल वाचण्यात घालवले. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते ढकलपत्र कधी ना कधी आलं असेल. "तुम्हाला माहीत आहे का? अमेरिकेत मुलांना वाचवणारा कायदाच नव्हता, म्हणून एका मुलीला 'प्राणी' ठरवून जनावरांच्या कायद्याखाली सोडवावं लागलं!" गोष्ट झकास आहे. पण खरी नाही. खरी गोष्ट जास्त चटका लावणारी आहे.

मुलीचं नाव मेरी एलन विल्सन. जन्म १८६४, न्यूयॉर्क. वडील अमेरिकी यादवी युद्धात गेले. आईला पोटासाठी काम करणं भाग होतं, म्हणून तिनं पोर एका बाईकडे पैसे देऊन सांभाळायला ठेवली. पुढे पैसे येईनासे झाले तशी त्या बाईनं मुलगी शहराच्या धर्मादाय खात्याच्या हवाली केली. खात्यानं ती एका मॅकॉर्मॅक नावाच्या जोडप्याला देऊन टाकली. करारावर एक अट होती : मुलीची खुशाली वर्षातून एकदा कळवायची. बास, एवढीच देखरेख. मॅकॉर्मॅक वारला, बायकोनं कॉनली नावाच्या माणसाशी दुसरं लग्न केलं, आणि मेरी एलन तिच्याचकडे राहिली.

१८७३ च्या अखेरीस एटा व्हीलर नावाच्या, गरीब वस्तीत चर्चचं काम करणाऱ्या बाईंना शेजाऱ्यांकडून कळलं की त्या घरात एका पोरीला रोज चाबकानं मारतात, कोंडून ठेवतात, थंडीत अंगावर धड कपडे नसतात. व्हीलरबाई काही तरी निमित्त काढून आत शिरल्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून आल्या. मग सुरू झाल्या खेटा. पोलिस म्हणाले, पुरावा आणा. संस्था म्हणाल्या, मुलगी कायदेशीरपणे आमच्याकडे आली तर घेऊ. 'कायदेशीरपणे' कशी आणायची ते कुणी सांगेना. शेवटी त्यांच्या भाचीनं सुचवलं की त्या बर्गसाहेबांकडे का जात नाहीस, जनावरांसाठी एवढं करतात, ही पोर पण एक छोटं जनावरच की!

हेन्री बर्ग म्हणजे १८६६ साली अमेरिकेतली पहिली प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था काढणारा माणूस. दंतकथेला धागा मिळाला तो इथे. पण बर्गनं कोर्टात स्पष्ट सांगितलं की मी संस्थेचा अध्यक्ष म्हणून आलेलो नाही, एक माणूस म्हणून आलोय. त्याचा वकील एल्ब्रिज गेरी यानं जनावरांचा कायदा वापरलाच नाही. त्यानं वापरला हेबिअस कॉर्पसचा कायदा, म्हणजे बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करण्याचा. एप्रिल १८७४ मध्ये न्यायाधीश अब्राहम लॉरेन्स यांच्यापुढे ती मुलगी गाडीतल्या ब्लँकेटात गुंडाळून आणली गेली. वय साधारण दहा. कपाळापासून गालापर्यंत कात्रीनं झालेली जखम होती. तिनं सांगितलं की जवळजवळ रोज मार बसतो, कुणी कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. कॉनलीबाईला मारहाणीच्या साध्या, जुन्या गुन्ह्याखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

म्हणजे कायदा होता. मारहाण हा गुन्हा तेव्हाही होताच. नव्हता तो दार ठोठावणारा माणूस. कुणाच्या घरात शिरून विचारणं हे कुणाचंच काम नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात गेरी आणि बर्ग यांनी न्यूयॉर्कची बालक-क्रूरता प्रतिबंधक संस्था काढली. असं काम करणारी जगातली ती पहिली संस्था म्हणतात.

मेरी एलनचं पुढे भलं झालं हे सांगून टाकतो, नाहीतर रुखरुख लागते. व्हीलरबाईंच्या आईनं आणि नंतर बहिणीनं तिला खेड्यात वाढवलं. १८८८ साली लग्न झालं, मुली झाल्या, एकीचं नाव तिनं एटा ठेवलं. १९५६ साली, ९२ वर्षांची होऊन गेली.

या सगळ्या गोष्टीत एक पात्र मात्र कुणालाच आठवत नाही. तिची सख्खी आई. पैसे थकले म्हणून तिची मुलगी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तिथून तिसऱ्या. कुठल्याही टप्प्यावर न्यायाधीशानं "हिची आई कुठंय, तिला काय म्हणायचंय?" असं विचारलं नाही. मुळात कोर्टच मध्ये आलं नाही. एका बाजूला छळणाऱ्या घरात शिरायला कायद्याला हिंमत होत नव्हती आणि दुसऱ्या बाजूला गरीब आईचं मूल एका सहीवर जात होतं. त्याच काळात, १८५४ पासून पुढे १९२९ पर्यंत, पूर्वेकडच्या शहरांतली गरीब मुलं रेल्वेत बसवून पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे धाडायची मोहीम चालली होती. त्यातल्या कित्येकांचे आई किंवा वडील, कधी दोघंही, जिवंत होते.

१८९९ साली शिकागोत पहिलं बालन्यायालय निघालं. कल्पना अशी की राज्य हे दयाळू बापासारखं आहे. बापाला मुलाशी बोलायला वकील कशाला हवा? पुरावा, साक्ष, उलटतपासणी हे सगळं गुन्हेगारांसाठी. इथे न्यायाधीश खुर्ची सोडून मुलाच्या खांद्यावर हात ठेवणार. वाचायला फार छान वाटतं. जवळपास सत्तर वर्षं ते छान वाटणं तसंच चालू राहिलं.

मग १९६४ साली ॲरिझोनात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराला शेजारणीला अश्लील फोन केला म्हणून उचललं. आईबाप कामावर होते. त्यांना कुणी निरोपही ठेवला नाही, पोरगा कुठंय ते आईला इकडेतिकडे विचारून कळलं. तक्रार करणारी बाई कोर्टात आलीच नाही. वकील नाही, कामकाजाची नोंद नाही. शिक्षा? एकविसावं वर्ष लागेपर्यंत सुधारगृह, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षं. हाच गुन्हा मोठ्या माणसानं केला असता तर पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पुरे आता. मुलाला आरोपाची नोटीस हवी, वकील हवा, साक्षीदाराला प्रश्न विचारता यायला हवेत. दयाळू बाप असलात तरी रीतसर प्रक्रिया हवीच.

पण हे झालं गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलाचं. ज्या आईबापांवर छळाचा किंवा हेळसांडीचा आरोप आहे त्यांचं काय? तो प्रश्न ऐरणीवर यायला आधी एका डॉक्टरनं बॉम्ब टाकावा लागला.

डॉक्टर हेन्री केम्प, डेन्व्हर. जुलै १९६२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये मार खाल्लेल्या मुलांवर एक लेख लिहिला. ७१ हॉस्पिटलांकडून माहिती गोळा केली होती : एका वर्षात ३०२ मुलं, त्यातली ३३ दगावली, ८५ जणांच्या मेंदूला कायमची इजा. क्ष-किरण तंत्रानं जुनी, आपोआप जुळलेली हाडं दिसायला लागली होती. आई सांगते "आज पाळण्यातून पडला" आणि फोटोत तीन वेगवेगळ्या वेळी मोडलेली हाडं. डॉक्टर मंडळी हे बघत होती, पण आईबाप असं करतील हे मनाला पटत नव्हतं. केम्पनी त्याला नाव दिलं आणि नाव मिळाल्यावर गोष्ट दिसायला लागते. पाचेक वर्षांत सगळ्या राज्यांत 'शंका आली तर कळवा' असे कायदे झाले. १९७४ साली, मेरी एलनच्या खटल्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, संघराज्याचा कायदा आला. माझ्या पाळणाघरातल्या बाईंची वही ही थेट तिथून आलेली.

दार ठोठावणारी माणसं आता हजारोंनी होती. आणि दार उघडणारे बहुतेक गरीब. आजही तिकडे दरवर्षी जी प्रकरणं खरी मानली जातात त्यात साधारण तीन चतुर्थांश हेळसांडीची असतात. घरात हीटर नाही, फ्रिजमध्ये अन्न नाही, आई रात्रपाळीला आणि मूल एकटं. यातलं गरिबी कुठली आणि हेळसांड कुठली, हे ठरवणं सोपं नाही.

आता येतो मला ज्यांनी झोपू दिलं नाही त्या दोन निकालांकडे.

पहिला १९८१ चा. ॲबी गेल लॅसिटर, नॉर्थ कॅरोलायनाच्या डरहॅम काउंटीतली. मुलाच्या आजारपणाकडे लक्ष दिलं नाही म्हणून १९७५ मध्ये तो काउंटीच्या ताब्यात गेला. पुढच्या वर्षी ती खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेली. १९७८ मध्ये काउंटीनं अर्ज केला की हिचं पालकत्व कायमचं संपवा. ती तुरुंगातून कोर्टात आली. एकटी. समोर काउंटीचा वकील आणि सोशल वर्कर. न्यायाधीश म्हणाले, आता तुम्ही साक्षीदाराला प्रश्न विचारा. तिला प्रश्न म्हणजे काय हेच कळेना. ती आपली बाजू सांगायला लागायची आणि न्यायाधीश म्हणायचे, हा प्रश्न झाला नाही. असं किती तरी वेळा. शेवटी पालकत्व गेलं.

सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला : अशा खटल्यात वकील मिळणं हा पालकाचा सरसकट हक्क नाही. तुरुंगात जायची वेळ असेल तर सरकारनं वकील द्यायलाच हवा. मूल कायमचं जात असेल तर न्यायाधीशानं प्रकरण बघून ठरवावं. म्हणजे एका महिन्याच्या कैदेसाठी वकील, आणि पोटचं मूल जन्मभरासाठी जातंय तर "बघू". गंमत म्हणजे तेव्हाच ३३ राज्यं स्वतःच्या कायद्यानं असा वकील देत होती आणि निकालात ते नमूदही आहे. हे धोरण शहाणपणाचं आहे, पण राज्यघटना तसं सांगत नाही, असा एकूण सूर. मला हा निकाल आजही पटत नाही. लॅसिटरबाई चांगली आई होती असं नाही, पण ती वाईट आहे हे ठरवायची जागा तरी समसमान हवी की नको?

दुसरा निकाल पुढच्याच वर्षीचा, मार्च १९८२. सॅन्टॉस्की विरुद्ध क्रेमर. न्यूयॉर्क राज्यातली अल्स्टर काउंटी. हे जोडपं निष्पाप होतं असं कृपया समजू नका. थोरल्या मुलीच्या मांडीचं हाड मोडलेलं, अंगावर जखमा. धाकट्याचं कुपोषण, पाठीवर टाचण्या टोचल्याच्या खुणा. १९७३ मध्ये मुलगी नेली, दहा महिन्यांनी मुलगा. ज्या दिवशी मुलगा नेला त्याच दिवशी आईनं तिसऱ्याला जन्म दिला. तीन दिवसांनी तोही नेला, त्याला कुणी बोटही लावायच्या आत. आणि नंतर त्यांना आणखी दोन मुलं झाली, ती मात्र सरकारनं त्यांच्याकडेच राहू दिली! पहिल्या तिघांसाठी हे आईबाप कायमचे नालायक आणि शेवटच्या दोघांसाठी चालतील. वाचताना मी दोनदा मागे जाऊन खात्री केली.

त्यांचे वकील मार्टिन गगेनहाइम यांनी मांडलेला मुद्दा हाडं मोडली की नाही हा नव्हताच. मुद्दा होता, किती खात्री झाली म्हणजे पालकत्व कायमचं तोडायचं? न्यूयॉर्कचा कायदा म्हणत होता, पारडं जरासं झुकलं तरी पुरे. ५१ विरुद्ध ४९. उसने दिलेले पैसे परत मिळण्याच्या दाव्यात लावतात तीच फूटपट्टी.

इथे माझ्यासारख्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मी त्या काळात स्पॅम फिल्टरवर काम करत होतो. प्रत्येक मेलला शून्य ते शंभर असे गुण मिळतात आणि किती गुणांच्या वर गेली की कचऱ्यात टाकायची हा आकडा कुणीतरी ठरवावा लागतो. आकडा खाली आणला की कचरा कमी येतो, पण एखाद्याच्या नोकरीचं पत्र कायमचं गडप होतं. वर नेला की पत्र वाचतं आणि कचरा आत शिरतो. एकच खुंटी आहे. ती फिरवून दोन्ही चुका शून्यावर येत नाहीत. कुठली चूक जास्त महाग, एवढंच ठरवता येतं.

न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालात अगदी हेच केलंय. (लॅसिटरच्या वेळी हे विरोधात होते, या वेळी बहुमत त्यांच्याकडे आलं. परत पाच विरुद्ध चारच.) त्यांचं म्हणणं, चुकून पालकत्व तोडलं नाही तर मूल आहे तिथेच, दुसऱ्या घरी, अनिश्चिततेत राहतं. वाईटच आहे, पण पुन्हा अर्ज करता येतो. चुकून तोडलं तर ते परत जोडता येत नाही. एका बाजूला सरकारचे वकील, तज्ज्ञ, सोशल वर्कर आणि त्यांच्याच नोंदवह्या. दुसऱ्या बाजूला बहुधा गरीब, कमी शिकलेले, अल्पसंख्य पालक. अशा वेळी ५१ टक्के पुरत नाहीत. पुरावा स्पष्ट आणि पटण्याजोगा हवा. फौजदारी खटल्यातल्या 'संशयातीत' इतका नाही, पण साध्या दाव्यापेक्षा बराच वर. आदर्श आईबाप नसलात म्हणून आईबाप असण्याचा हक्क हवेत विरून जात नाही. मुलं परत द्या असं मात्र कोर्टानं म्हटलं नाही, नव्या फूटपट्टीनं बघा म्हणून प्रकरण खाली पाठवलं.

विरोधी बाजूनं न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी लिहिलेलंही वाचण्यासारखं आहे. हाडांचे आणि टाचण्यांचे तपशील मी त्यांच्याच लिखाणातून घेतले. त्यांचा मुद्दा, तुम्ही म्हणता मूल 'आहे तिथेच' राहतं. पण लहान मुलाची चार वर्षं म्हणजे अख्खं आयुष्य. हक्काचं घर न मिळणं हीसुद्धा कायमची इजाच. खोडून काढता येत नाही हे. (१९९७ च्या कायद्यानं खुंटी त्या दिशेला फिरवलीही : मूल बावीस महिन्यांतले पंधरा महिने बाहेर असेल तर सरकारनं पालकत्व तोडायचा अर्ज करायचा, काही अपवाद सोडून.)

इथवर वाचून मी मनातून पूर्ण पालकांच्या बाजूचा झालो होतो. निळा डाग आठवत होता ना. मग जोशुआ डिशेनीचा निकाल समोर आला.

विस्कॉन्सिन राज्य, विनेबॅगो काउंटी. आईबापांचा घटस्फोट झालेला, मूल बापाकडे. जानेवारी १९८२ मध्ये बापाच्या दुसऱ्या बायकोनं पोलिसांना सांगितलं की हा पोराला मारतो. बापानं नाकारलं, फाईल बंद. वर्षभरानं पोरगा जखमा घेऊन हॉस्पिटलात आला. काउंटीनं तात्पुरता ताबा घेतला. तीन दिवसांनी डॉक्टर, मानसतज्ज्ञ, पोलिस, वकील अशी मंडळी बसली आणि त्यांचं मत पडलं की ठेवून घ्यायला पुरावा पुरेसा नाही. पोरगा परत घरी. पुढे सोशल वर्कर दर महिन्याला जायची, डोक्यावरच्या संशयास्पद जखमा वहीत लिहायची आणि परत यायची. मार्च १९८४ मध्ये बापानं चार वर्षांच्या जोशुआला इतकं मारलं की तो कोमात गेला. जगला, पण मेंदूचं कायमचं नुकसान होऊन. बाप दोन वर्षांच्या आत सुटला. सोशल वर्कर नंतर म्हणाली, एक दिवस फोन वाजणार आणि जोशुआ गेल्याचं कळणार हे मला ठाऊकच होतं.

आईनं काउंटीवर दावा लावला. १९८९ मध्ये सहा विरुद्ध तीन असा निकाल आला. मारणारा बाप, सरकार नव्हे, त्यामुळे राज्यघटनेखाली सरकार जबाबदार नाही. निकाल लिहिला रेनक्विस्ट यांनीच. आणि त्यात एक वाक्य असं आहे की मी खुर्चीत मागे टेकलो. आशय असा : या अधिकाऱ्यांनी घाईनं मूल काढून घेतलं असतं, तर पालकांच्या नात्यात ढवळाढवळ केली म्हणून याच घटनेच्या याच कलमाखाली त्यांच्यावर दावा झाला असता. ब्लॅकमन यांनी विरोधात लिहिताना सगळा कायदेशीर संयम बाजूला ठेवला आणि "बिचारा जोशुआ!" असं चक्क उद्गारचिन्हासकट लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात असं काही वाचायची सवय नसते. जोशुआला पुढे एका कुटुंबानं दत्तक घेतलं. २०१५ साली, ३६ व्या वर्षी तो गेला.

त्या बैठकीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांनी खुंटी 'पालक' बाजूला ठेवली, जशी माझ्या बाबतीत ठेवलेली मला हवी होती. हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

आपल्याकडचं थोडक्यात. मुंबई इलाख्याचा बालकायदा १९२४ चा, म्हणजे ही भानगड आपल्याला काल-परवा कळली असं नाही. आज २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे अशी मुलं येतात. त्यातल्या दोन गोष्टी मला आवडल्या. मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. आणि हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल तर ते मुद्दाम सोडलं असं कायदा धरत नाही. मेरी एलनच्या आईला हे वाक्य उपयोगी पडलं असतं. शिवाय १९८७ च्या विधिसेवा कायद्यानुसार कुठलीही बाई, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. लॅसिटरला जे मिळालं नाही ते आपल्याकडे कागदावर आहे. कागदावर, हे मुद्दाम म्हणतोय. तालुक्याच्या गावात किती जणींना हे माहीत असेल?

नॉर्वेचं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच, त्यावर २०२३ मध्ये हिंदी सिनेमाही आला. मे २०११ मध्ये स्टाव्हँगरमधल्या एका बंगाली कुटुंबाची दोन मुलं तिथल्या बालकल्याण खात्यानं नेली. हातानं भरवणं आणि मुलाला शेजारी झोपवणं यावर आक्षेप होता असं कुटुंबाचं म्हणणं, संस्कृतीचा यात संबंध नव्हता असं खात्याचं. एप्रिल २०१२ मध्ये मुलं भारतात काकाकडे आली आणि २०१३ मध्ये कोलकात्यात आईला मिळाली. त्या वेळी आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर सगळे एका सुरात नॉर्वेला शिव्या घालत होते. मीही घातल्या. पण त्यावर मत देताना आता मी जरा चाचरतो. फाईल आपण वाचलेली नाही. नॉर्वेला स्वतःला मात्र नंतर उत्तर द्यावं लागलं : २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं, तिथल्याच एका आईच्या खटल्यात, नॉर्वेनं कुटुंबाच्या हक्काचा भंग केला असा निकाल दिला.

असो. बराच लांबला लेख.

लेकीच्या पाठीवरचा डाग ती पाच वर्षांची होईपर्यंत पुसट होत होत गेला. आता शोधूनही सापडत नाही. पाळणाघरातल्या त्या बाईंना आम्ही परत येताना पेढे देऊन आलो, त्यांनी "हे काय आहे?" असं विचारून दोन खाल्ले. डॉक्टरीणबाईंचा कागद मात्र आमच्याकडे अजून आहे, पासपोर्टांच्या फाईलमध्ये, सगळ्यात वर.